खोड की दुखणं? घोडे शिकवणारा आणि त्यांची नैसर्गिक निगा राखणारा होण्यासाठी

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना घोडी चावायला येते. स्वाराने रिकिबीत पाय घातला की पुढे सरकते. डावीकडे छान वळते, उजवीकडे वळायचं म्हटलं की मान ताठ करते. मालक म्हणतो, "खोडकर आहे, दोन फटके द्या म्हणजे सरळ होईल." घोडे शिकवण्याच्या कामात यायचं असेल तर फटक्याकडे हात जाण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. ही खोड आहे की दुखणं?

घोडा शिकवणारा आणि घोड्याची नैसर्गिक निगा राखणारा ही दोन कामं लोक वेगळी धरतात. मला ती वेगळी करता येत नाहीत. ब्रिटनमधल्या पशुवैद्यक स्यू डायसन यांनी २०१८ मध्ये स्वाराखाली चालणाऱ्या घोड्याच्या वागण्यातल्या २४ खुणांची यादी मांडली. कान बराच वेळ मागे पाडणं, शेपूट सतत झटकणं, तोंड पुन्हा पुन्हा उघडणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अडखळणं, पुढे जायला कांकू करणं अशा त्या खुणा. त्यातल्या ८ किंवा अधिक दिसल्या तर हाडा-स्नायूंत दुखणं असण्याची शक्यता बरीच असते. आपल्याकडे यातल्या जवळजवळ प्रत्येक खुणेला 'खोड' म्हणतात आणि त्यावर जास्त कडक लगाम चढवतात. दुखणाऱ्या पाठीवर शिकवणी होत नाही, आणि चुकीच्या शिकवणीने दुखावलेली पाठ नुसत्या मालिशने बरी होत नाही. म्हणून दोन्ही शिका, आणि खाली दिलं आहे त्याच क्रमाने शिका.

आधी कायद्याची रेघ

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज कुणालाही जनावरांवर वैद्यकी करता येत नाही. राज्य सरकारने मान्य केलेली पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली काही किरकोळ सेवा देता येतात, तेवढीच सूट. 'निसर्गोपचार' असा फलक लावला म्हणून ही रेघ पुसली जात नाही.

त्यामुळे रोगनिदान, इंजेक्शन, सलाईन, टाके, खच्चीकरण ही कामं तुमची नाहीत. खरारा, मालिश, व्यायाम, चारा-पाण्याची घडी, तबेल्याची रचना, खुरांची रोजची सफाई आणि पशुवैद्यकाने सांगितलेली शुश्रूषा ही तुमची. हे काम कमी नाही. घोड्याचं बरं होणं बऱ्याच अंशी यावरच ठरतं, आणि याच गोष्टींना कुणी वेळ देत नाही.

बारावी नुकतीच झाली असेल आणि उपचारांकडेच खरी ओढ असेल तर सरळ बी.व्ही.एससी. ही पशुवैद्यकाची पदवी करा. नीटमधून प्रवेश, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीरला महाविद्यालयं आहेत. मुंबईचं महाविद्यालय तर १८८६ पासूनचं. घोड्यांना अ‍ॅक्युपंक्चर द्यायचं किंवा मणक्यांवर हाताने उपचार करायचे, तर ते पशुवैद्यकाची पदवी घेतल्यानंतरच शिकायचं. आठवड्याच्या शिबिरात सुया टोचायला शिकवणाऱ्यांपासून लांब राहा.

पहिलं वर्ष: मोतद्दाराचं, म्हणजे घोड्याची रोजची सेवा करणाऱ्याचं

पहिल्या दिवसापासून 'ट्रेनर' होता येत नाही. एक तबेला धरा आणि तिथे सगळे ऋतू काढा. उन्हाळ्यात न पिणारा घोडा, पावसाळ्यात सडणारे खूर, थंडीत पहाटे आखडलेली पाठ हे एका ऋतूत कळत नाही. शेण उचला, दाण्याचा तोबरा भरा, ब्रशने अंग घासून खरारा करा. रोज त्याच घोड्याच्या अंगावरून हात फिरला की कालपर्यंत नसलेली गरम जागा आज बोटांना आपोआप कळते.

कुठे शिकायचं हे तुम्हाला पुढे काय करायचं आहे त्यावर ठरवा. खेळातली घोडेस्वारी शिकायची तर मुंबई-पुण्याकडचे रायडिंग क्लब. महालक्ष्मीला अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं, म्हणजे ठरलेल्या चाली घोड्याकडून करून घेण्याच्या खेळाचं, सांघिक सुवर्ण भारताने जिंकलं, त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. अशा घोडेस्वारीकडे जायचं असेल तर बसण्याची बैठक कसलेल्या प्रशिक्षकाकडूनच शिकावी लागते. रेसकोर्सवरचा ट्रेनर हे वेगळं काम आहे, त्याचा परवाना रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबसारखा क्लब देतो, आणि तिथे वर्षानुवर्षं हाताखाली काम करूनच वर जाता येतं.

पण माझं मत विचाराल तर कष्टकरी घोड्यांजवळ काही काळ काढल्याशिवाय घोडा कळत नाही. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने माणसांची आणि सामानाची वाहतूक अजूनही बरीचशी घोड्यांवर चालते. लाल मातीचा चढ, पाऊस, ओझं यांचा खुरांवर आणि पाठीवर काय परिणाम होतो ते तिथल्या अश्वपालाइतकं कुणाला ठाऊक नाही. धनगरांच्या वाड्यावर जा. मेंढरांमागे फिरणारं बिऱ्हाड ज्या लहानखुऱ्या घोड्यांच्या पाठीवर चालतं, त्या भीमथडी घोड्यांना कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं आहे. त्या घोडीवर भांडी, अंथरुणं, कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू लादलेलं असतं, आणि बहुतेकदा तिच्या तोंडात लोखंड नसतं.

घोडेबाजार चुकवू नका. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला, खंडोबाच्या यात्रेत नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला, तसंच अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक शकुन-अपशकुनासाठी केसांतले भोवरे मोजण्यात दिवस घालवतं. तुम्ही पाय बघा. घोडा कडक जमिनीवर सरळ लांब चालवत न्यायला सांगा, मग तुमच्याकडे आणायला सांगा, मग दोर सैल सोडून दुडकीवर. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकताना डोकं वर उचलतो. मागच्या पायात दुखत असेल तर पुठ्ठ्याची, म्हणजे ढुंगणाची, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वर-खाली होते. दात बघा: पुढच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला, पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. ज्या घोड्याला 'पाच वर्षांचा' म्हणून विकतात त्याच्या तोंडात कडेचे दुधाचे दात दिसले तर तो साडेचारच्याही आतला, कदाचित पुरता चार वर्षांचाही नसण्याची शक्यता आहे, आणि पाठीवर माणूस घ्यायला कच्चा आहे.

बघायला शिका, मग हात लावा

एक वही, एक थर्मामीटर आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. सुरुवातीला एवढीच हत्यारं पुरेत.

निरोगी मोठ्या घोड्याचं गुदमार्गाने घेतलेलं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं. नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडीसाठी जबड्याच्या खालच्या कडेवर आतून बोटं फिरवा. दोरीसारखी एक शीर बोटाखाली सरकते, ती हाडावर हलकी दाबून १५ सेकंद मोजा आणि चौपट करा. अंगठ्याने मोजू नका, स्वतःचीच नाडी लागते. वरचा ओठ उचलून हिरडी बघा: फिकट गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबली की पांढरी पडते, आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मग दोन्ही कुशींना, वर आणि खाली, कान लावा. पोटात गुरगुर ऐकू आली पाहिजे. शांत पोट ही चांगली बातमी नसते.

खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटं ठेवली तर निरोगी पायात नाडी जेमतेम लागते. ती ठणठण उडत असेल आणि खूर गरम असेल तर आत काहीतरी पेटलं आहे. ही एक तपासणी रोज केली तरी कितीतरी घोडे वेळेत वाचतात.

हे सगळं घोडा स्वस्थ असताना, रोज एकाच वेळी टिपून ठेवा. प्रत्येक घोड्याचा आपला आकडा असतो. नेहमी ३० नाडी असणाऱ्या घोड्याची ४४ झाली तर पुस्तकाप्रमाणे ती ठीक, त्याच्या मानाने नाही.

चेहरा वाचायला शिका. दुखणाऱ्या घोड्याचे कान ताठ होऊन मागे-बाहेर वळतात, पापण्या अर्धवट मिटतात, डोळ्यावरचं हाड उठून दिसतं, गालाचे स्नायू आवळलेले, नाकपुड्या ताणलेल्या, हनुवटी घट्ट. डुलकी घेणाऱ्या घोड्याचा ओठ मात्र लोंबतो. या दोन चेहऱ्यांतला फरक ज्याला लांबून दिसतो, त्याच्या हातात घोडा द्यायला हरकत नाही.

वजन काढता आलं पाहिजे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोत वजन. घेर १५० आणि लांबी १३० असेल तर सुमारे २४६ किलो. स्वार आणि खोगीर मिळून वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको, म्हणजे या तट्टावर ४९ किलो. पर्यटनाच्या ठिकाणी याच तट्टावर ८० किलोचा माणूस बसतो आणि मग ते 'अडेल' ठरतं. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. त्यांत तट्टासाठी कमाल ओझं ७० किलो, दिवसाला ९ तासांहून जास्त काम नाही, सलग ५ तासांहून जास्त नाही, आणि ३७ अंशांवर पारा गेला की दुपारी १२ ते ३ काम बंद. काटे किंवा टोकं असलेल्या लगामीला याच नियमांनी मनाई आहे. हे नियम पाठ करा. मालकाशी बोलताना भूतदयेपेक्षा यांचा उपयोग जास्त होतो.

शिकवणं

घोड्याला शिक्षा कळत नाही, सुटका कळते. दोराचा हलका ताण आला, घोड्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याच क्षणी ताण गेला, तर त्याला उत्तर सापडलं. ताण दोन सेकंद उशिरा गेला तर त्याने त्या दोन सेकंदांत जे केलं, मग ते डोकं झटकणं का असेना, ते तो शिकला. सगळी कला त्या सोडण्याच्या क्षणात आहे. कितीही जोर लावणारा माणूस वेळेवर सोडणाऱ्यापुढे फिका पडतो.

सुरुवात जमिनीवरून करा. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे त्याला आंधळी जागा असते. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत जा. तळहात आधी मानेच्या मुळाशी, आयाळ संपते त्या उंचवट्यापाशी ठेवा आणि खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच कुरतडतात, आणि त्या जागी खाजवलं की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात हे १९९३ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. तोंडावर थोपटण्यापेक्षा ही ओळख कितीतरी चांगली.

मग मोरकी, म्हणजे तोंडात लोखंड नसलेली दोराची मुसकी, आणि लांब दोर. पहिले धडे चार: दोराच्या हलक्या ताणाला पुढे येणं, छातीवर बोट टेकलं की मागे सरकणं, कुशीवर बोट टेकलं की मागचा भाग बाजूला घेणं, आणि दोर सैल असताना एका जागी उभं राहणं. शेवटचा धडा सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. ज्याला उभं राहता येतं त्याला पुढे नालबंद, पशुवैद्यक, ट्रकचं फळकं काहीच जड जात नाही. शिंगराला १० मिनिटं, मोठ्याला २० मिनिटं पुरतात. तो जमलेलं काम करत असतानाच थांबा.

भीती घालवायची तर भीतीच्या वस्तूपासून इतकं लांब थांबा की घोडा तिच्याकडे बघतो आहे पण अजून गवत खातो आहे. तिथून एक पाऊल जवळ, मग मागे. वरातीतला बँड, फटाके, फडफडणारी ताडपत्री, सगळ्याला हाच रस्ता. आषाढी वारीतलं रिंगण आठवा. लाखभर माणसांत, टाळ-मृदंगाच्या कल्लोळात, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व कसे धावतात! घोडा गोंगाटाला भिणारच असं नसतं. गोंगाटाची ओळख त्याला कुणी शांतपणे करून दिली का, हा प्रश्न असतो. खांबाला बांधून पायांवर मारत 'नाचायला' शिकवलेली घोडी बँड वाजला की पाय उचलते ती मारापासून सुटायला. ते काम मी करत नाही आणि तुम्हीही घेऊ नये.

खोगीर अंगावर घालण्याआधी नुसतं पोतं पाठीवर ठेवा, काढा, ठेवा. मग तंग, एकेक भोक करून, मध्ये चालवून. तोंडात लगामाची लोखंडी कडी घालण्याआधी पशुवैद्यकाकडून दात तपासून घ्या. घोड्याचे दात जन्मभर वर सरकत राहतात आणि दाढांच्या कडा झिजून धारदार होतात. त्या गालाला कापत असताना लगाम ओढला तर घोडा डोकं फेकणारच. वर्षातून एकदा दाढा घासून घेतल्या की अर्ध्या 'तोंडाच्या खोडी' जातात. त्यानंतर लांब लगाम धरून मागून चालवत वळणं आणि थांबणं शिकवा, आणि मगच पाठीवर माणूस. आधी नुसतं आडवं ओणवून, मग बसून, दोर धरणारा दुसरा माणूस सोबत. मणक्यांची वाढ साडेपाच वर्षांपर्यंत चालते, म्हणून चौथ्या वर्षाआधी हलक्या, थोड्या वेळाच्या स्वारीपलीकडे जाऊ नका. लग्नसराईच्या घाईत दोन वर्षांच्या पाठीवर नवरदेव चढवतात. त्याची किंमत घोडा पुढे आयुष्यभर फेडतो.

आमच्याकडे आलेल्या एका घोडीची गोष्ट सांगतो. तंग आवळताना ती आडवी पडायची. खोगीर काढून पाठीवर बोटं चालवली तर मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, खोगिराच्या पुढच्या कमानीखाली, केस पांढरे झालेले आणि बोट टेकताच कातडी थरथरायची. खोगीर तिच्यापेक्षा रुंद घोड्यासाठी केलेलं होतं, त्याची कमान थेट मणक्यावर बसत होती. पशुवैद्यकाने औषध दिलं, खोगीर बदललं, आठ आठवडे पाठीवर कुणी बसलं नाही, त्या काळात रोज जमिनीवरचा व्यायाम. मग तंग पुन्हा पहिल्यापासून शिकवला. नव्याने शिकवलं नसतं तर पाठ बरी होऊनही ती पडतच राहिली असती, कारण तंग म्हणजे कळ हे तिच्या डोक्यात बसलेलं होतं.

नैसर्गिक निगा: चारा, चालणं, सोबत

मालक जडीबुटी विचारायला येतो. तुम्ही आधी गव्हाण बघा.

घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं आणि ते शमवणारी लाळ फक्त चघळताना येते. म्हणून पाच-सहा तास पोट रिकामं राहिलं की आतल्या अस्तराला व्रण पडायला लागतात. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज, म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला साडेचार ते सहा किलो, दिवसभर विभागून. कामाआधी थोडं गवत खाऊ द्या, म्हणजे धावताना आम्ल पोटात वर हिंदकळत नाही. पाणी २५ ते ४० लिटर, उन्हात अधिक. हरभरा, बाजरी, गूळ यांचा मारा एकदम नको; जास्त धान्य मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्यातून पोटदुखी किंवा खुरांची आतून सूज येते.

आपल्या भागातली एक चूक सर्रास दिसते: उसाचं वाढं किंवा हत्तीगवत, आणि सोबत गव्हाचा कोंडा. या चाऱ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं, कोंड्यात स्फुरद भरपूर. घोड्याचं शरीर मग हाडांतलं कॅल्शियम काढतं. चेहऱ्याची हाडं फुगतात, पाय आखडतात, आणि मालक सांध्यांना तेल चोळत बसतो. लसूणघास आणि कोरडं गवत वाढवा, पशुवैद्यकाला विचारून खनिज मिश्रण द्या. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यावर घोडा सोडू नका. कोंबड्यांचं खाद्य घोड्यापर्यंत पोहोचू देऊ नका. त्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं आणि ते घोड्याच्या हृदयाला घातक आहे. रिसॉर्टच्या कुंपणाला लावलेली कण्हेर तोडून टाका, मूठभर पानांनी घोडा मरतो.

दोन फूट अगाडी-पिछाडीला, म्हणजे पुढच्या-मागच्या दोरांना, २२ तास बांधलेल्या घोड्याला कुठलंच मालिश पुरणार नाही. मोकळं चालणं आणि नजरेसमोर दुसरा घोडा, ही औषधं आहेत.

आता हातांचं काम. मालिश मानेपासून सुरू करा, सपाट तळहाताने, केसांच्या दिशेने, हळू. घोडा जीभ फिरवतो, चघळतो, डोकं खाली सोडतो, लांब श्वास टाकतो तेव्हा जागा बरोबर. कातडी आक्रसली, कान मागे गेले, पाय उचलला की दाब कमी करा. ताप, ताजी दुखापत, उघडी जखम, पोटदुखी असताना मालिश नाही. थोडं चालवून अंग मोकळं झालं की गाजर दाखवून मान खांद्याकडे, बरगडीकडे, पुढच्या पायांच्या मधे वळवायला लावा. दर बाजूला पाच वेळा. आठ घोड्यांवर तीन महिने, आठवड्यातून पाच दिवस असा व्यायाम घेतला तेव्हा मणक्यालगतचे खोलवरचे स्नायू जाड झाल्याचं २०११ मध्ये मोजलं गेलं. इतक्या स्वस्त आणि निर्धोक व्यायामाचा इतका स्पष्ट फायदा फार थोड्या ठिकाणी दिसतो.

ताज्या सुजलेल्या पायावर नळाची थंड धार १५-२० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. जखम धुवायला लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. भरपूर धुवा. गुडघ्याखालच्या जखमांवर चुना, मोरचूद, फिनेल कधीच नको. तिथे आधीच फाजील मांस वाढण्याची खोड असते, दाहक पदार्थांनी ते आणखी फुगतं. स्वच्छ, उथळ जखमेवर औषधी दर्जाचा मध चालतो, घोड्यांच्या जखमांवर त्याचे अभ्यास झाले आहेत. माश्या-चिलटांसाठी कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल खोबरेल तेलात मिसळून आधी हाताएवढ्या जागेवर लावा, दिवसभर वाट बघा, मग बाकी अंगाला. खूर रोज कोरा, विशेषतः पावसाळ्यात. तळव्यातल्या मऊ त्रिकोणी भागाशेजारच्या खाचांत काळा, घाण वास मारणारा लगदा दिसला तर जागा कोरडी केल्याशिवाय कुठलंही तेल कामाचं नाही. खूर तासायला दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद.

वनस्पतींचं ज्ञान मेंढपाळ आणि गवळ्यांकडून जरूर गोळा करा. पुण्याची अंथ्रा संस्था पशुपालकांच्या अशा ज्ञानावर अनेक वर्षं काम करत आली आहे. फक्त गाईचा नुस्खा घोड्याला लावू नका. गाईला चार कप्प्यांचं पोट आहे, घोड्याला एकच आणि लहान. त्याला ओकताही येत नाही. स्पर्धेच्या घोड्याला तर काहीही चोळण्याआधी पशुवैद्यकाला विचारा. मिरचीतलं कॅप्सेसिन वनस्पतीचंच, पण स्पर्धेत ते बंदी असलेल्या पदार्थांत मोडतं. होमिओपॅथीच्या गोळ्यांवर घोडा बरा होईल म्हणून वाट पाहत बसणं मला मान्य नाही. त्यात जातात ते दिवस परत मिळत नाहीत.

फोन आधी, बाकी नंतर

घोडा पुन्हा पुन्हा कुशीकडे बघतो, पाय आपटतो, लोळतो, लीद थांबली आहे: पशुवैद्यकाला फोन करा, चारा काढून घ्या. लोळून स्वतःला इजा करत असेल तर हळू चालवा. नाडी ६० च्या वर गेली असेल तर तसं फोनवर सांगा. नाकातून किंवा तोंडातून बाटलीने तेल ओतू नका. ते फुप्फुसात जातं, आणि पोटदुखीतून वाचू शकणारा घोडा निमोनियाने जातो.

पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा, खूर गरम: फोन करा आणि पशुवैद्यक येईपर्यंत खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा. खिळा रुतला किंवा खोल जखम झाली तर धनुर्वाताची लस कधी दिली ते वहीत बघा. धनुर्वाताला घोड्याइतका बळी पडणारा पाळीव प्राणी दुसरा नाही. येणारा-जाणारा ताप, पायांना आणि पोटाखाली सूज, दिवसेंदिवस खंगणं म्हणजे माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग असू शकतो, त्यावर काढा चालत नाही. नाकातून चिकट पू, कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाचा संशय धरा. तो माणसालाही होतो. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे आणि त्यावर उपचार करत बसायचं नसतं. तुम्ही एका तबेल्यातून दुसऱ्यात जाता, म्हणून खरारा, बादली, दोर हे ज्या त्या तबेल्याचेच वापरा आणि हात धुऊनच पुढे जा.

धंदा म्हणून

निव्वळ निगेच्या कामावर पोट भरणं अवघड आहे. शिकवणी, जमिनीवरचा व्यायाम, मालिश आणि पायांची देखभाल असं मिळून महिन्याचं काम घ्या, एकेका भेटीचे पैसे मागत फिरू नका. फार्महाऊसवाले, रायडिंग क्लब, वरातीच्या घोड्यांचे मालक, थंड हवेच्या ठिकाणचे घोडेवाले ही तुमची गिऱ्हाइकं. घोडे-खेचरं-गाढवांवर काम करणारी ब्रुक इंडियासारखी संस्था आपल्या भागात असेल तर तिच्याबरोबर काही काळ काम करा; साध्या परिस्थितीत, कमी पैशात काय जमतं ते तिथे कळतं.

जवळच्या एका पशुवैद्यकाशी आणि एका चांगल्या नालबंदाशी घट्ट ओळख ठेवा. प्रत्येक घोड्याची वही करा: तारीख, नाडी, ताप, काय बघितलं, काय केलं, कुणाला कळवलं. नव्या घोड्याकडे पहिल्यांदा गेलात की आधी लांबून दहा मिनिटं बघा, मग चालवून बघा, मग खोगीर उलटं करून त्याचा आतला भाग बघा, मग तोंड, पाठ, पाय. मालक म्हणाला की पंधरा दिवसांत लग्नाच्या गर्दीत उभा करून द्या, तर वही उघडून त्याला दाखवा की या घोड्याला किती दिवस लागतील. तेवढे दिवस द्यायला तो तयार असेल तरच दोर हातात घ्या.